जमुनाची हिरवी खूण

नेरूळ,
रविवार, दुपारची भांडी झाल्यावर

ती. वन्संना अरुणाचा नमस्कार. (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे प्रत्यक्षात वाकणं सध्या बंद आहे, कागदावर मात्र थेट पायांपर्यंत वाकले आहे असं समजून घ्यावं.) सांगलीत थंडी बरी पडली असेल. नवी कवळी बसली का नीट? मागच्या फोनवर तुमचे 'स' आणि 'श' एकमेकांच्या जागी जात होते, त्यामुळे तुम्ही माझ्यावर रागावला होतात की माझं कौतुक करत होतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. इकडे सगळं ठीक. तुमच्या बंधूंचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, स्वभाव पूर्वीसारखाच.

तुम्ही विचारलंत, तुमचा वरद हल्ली करतो तरी काय? मी म्हटलं, कॉम्प्युटरचं. त्यावर तुम्ही म्हणालात की हे उत्तर मी तो कॉलेजात असल्यापासून देते आहे. खरं आहे. तो स्क्रीनसमोर चिडून बसलाय की खुशीत बसलाय एवढंच मी बघायची, आणि त्यावरून चहा आत न्यायचा की नाही ते ठरवायची. पण गेल्या महिन्यात असं काही घडलं की त्या स्क्रीनच्या आत काय चालतं ते मला विचारावंच लागलं, आणि विचारता विचारता मला त्याची गोडीच लागली. तेव्हा सविस्तर लिहिते. चष्मा लावून बसा.

जमुना तुम्हाला आठवत असेल. सारसोळ्याची, आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी घेऊन येते ती. (तुम्ही आला होतात तेव्हा पापलेटाच्या डोळ्यांवरून तिच्याशी वाद घातला होतात. ती अजून "त्या डोल्यावाल्या नणंदबाई कशा हायेत" म्हणून चौकशी करते.) सकाळी आमच्याकडे येते, मग बाजारात बसते. सारसोळं म्हणजे आमच्या इमारतींच्या मधोमध असलेलं मूळचं गाव. आम्ही नवीन आलो तेव्हा ते आमच्या शेजारी आहे असं आम्हाला वाटायचं. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्या शेजारी. तिथल्या बायकांसाठी नवा मासळी बाजार बांधून झाला. फरशीचे ओटे, नळ, वर पत्रा, सगळं छान. पण ओटे सगळे सारखे नाहीत. गेटाजवळच्या कोपऱ्यावरचा ओटा रस्त्यावरूनच दिसतो, आणि मागच्या रांगेपर्यंत गिऱ्हाईक पोचेस्तोवर त्याची पिशवी भरलेली असते. मागे जायला पायऱ्या आहेत, आणि जमुनाचे गुडघे माझ्या गुडघ्यांचे सख्खे भाऊबंद. मागे जायची वेळ आली तर पाटी कायमची उतरवून ठेवीन, असं ती मला दोनदा तरी म्हणाली होती.

पूर्वी असल्या वाटपाला चिठ्ठ्या टाकायच्या. पण खालच्या आळीचं म्हणणं असं की वरच्या आळीच्या चिठ्ठ्यांची घडी वेगळी असते, आणि वरच्या आळीचं म्हणणं अगदी तेच, फक्त आळी उलट. जमुना खालच्या आळीची. तिची चुलत जाऊ विमलबाई वरच्या आळीची. आळ्यांचं काही असो, जुन्या बाजारात या दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसल्या. एक चहाला उठली की दुसरी दोन्ही पाट्या विकायची आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागायचा नाही. हे सगळं जमुना आमच्या गेटवर कोलंबी निवडून देताना सांगत होती. वरद तिथे पार्सल घ्यायला उतरला होता. तो म्हणाला, मावशी, हे वाटप मी तुम्हाला करून देतो. घोळ इथून सुरू झाला.

त्याने जे करून दिलं त्याला ब्लॉकचेन म्हणतात. (तुमचे बंधू हे नाव ऐकलं की पाकीट चाचपतात. पण यात पैशांचा काही संबंध नव्हता.) पोळ्यांच्या डब्याएवढे चार कॉम्प्युटर. दोन वरच्या आळीच्या समाजमंदिरात, दोन खालच्या आळीच्या जुन्या शेडमध्ये. दोन्ही आळ्यांना सारखेच डबे हवेत यावर मासळीवाल्यांच्या मंडळातल्या बायकांनी चर्चासुद्धा होऊ दिली नाही. बाईने मोबाइलवर हवा तो ओटा दाबायचा, जिने आधी दाबला तिचा तो. आलेल्या नोंदींचं हे डबे दर थोड्या वेळाने एक पान बांधतात, त्या पानाला म्हणायचं ब्लॉक. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते, त्यामुळे मधलं एखादं पान कुणाला गुपचूप बदलता येत नाही. चौघांकडे एकच वही. मला हे इतकं पसंत पडलं की शेडमध्ये जाऊन बायकांना अ‍ॅप शिकवायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं.

वाटपाच्या सकाळी अर्ध्या बायका समाजमंदिरात आणि अर्ध्या शेडमध्ये बसल्या, कारण प्रत्येकीचा मोबाइल आपापल्या आळीच्या डब्यांनाच जोडलेला होता. मी शेडमध्ये. बहुतेकींनी अ‍ॅप आधीच उघडून ठेवलं होतं, वेळ झाल्याबरोबर त्यांनी दाबलं. जमुनाचं तसं नाही. तिने उघडलेलं बंद केलं, पुन्हा उघडलं, ताजं, म्हणजे रिफ्रेश, कसं करायचं ते मला विचारलं, मी दाखवलं, तिने करून घेतलं, मग आणखी एकदा केलं, आणि मग कोपऱ्याचा ओटा दाबला. हिरवी खूण आली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तिने मोबाइल सगळ्या शेडभर फिरवला आणि खुशीत मला एक चिंबोरी दिली. जिवंत. पिशवी नव्हती म्हणून नांग्या बांधून मी ती पर्समध्ये ठेवली.

नंतर कळलं ते असं, की गॅसच्या पाइपसाठी रस्ता खणणाऱ्या जेसीबीने शेड आणि समाजमंदिर यांच्यामधली केबल वाटपाच्या जरा आधीच तोडली होती. दोन्हीकडे काम चालूच राहिलं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. केबलवाल्याने येऊन ती जोडली, आणि शेडमधल्या बायकांच्या हिरव्या खुणा एकदम गेल्या. थोड्या वेळात सगळ्यांच्या परत आल्या. जमुनाची आली नाही. तिकडे समाजमंदिरात कोपऱ्याच्या ओट्याला कुणी हात लावला नव्हता, तो जमुना घेणार हे सगळ्यांना माहीत होतं. विमलबाईही थांबून राहिल्या होत्या. पण शेडमधल्या बाकीच्यांचे ओटे भरलेले दिसायला लागले तरी कोपरा रिकामाच, म्हटल्यावर त्यांना वाटलं, जमूचं मन बदललं असेल. त्यांनी दाबला आणि त्यांना मिळाला.

जमुना तरातरा समाजमंदिरात गेली, मी मागून. वरद तिथे होता. त्याने चारही डबे तपासले आणि सांगितलं की मावशी, तुमची नोंदच नाही.

"मी दाबलंय," जमुना म्हणाली. "हिरवी खून आली व्हती. मी काय खोटं बोलनारी हाय?"

वन्सं, कुणी हो म्हणालं नाही, पण कुणी नाही असंही म्हणालं नाही. मग मी पुढे होऊन सांगितलं की खूण मी पाहिली आहे, मी साक्षीदार आहे. आणि नेमकी त्याच वेळी माझी पर्स हलली. एकीने उघडून बघितली, आत जमुनाची चिंबोरी. त्यानंतर माझ्या साक्षीला काही किंमत उरली नाही.

दुसऱ्या दिवसापासून जमुना गेटवर यायची बंद झाली. मागच्या रांगेतला उरलेला ओटा तिच्या वाट्याला आला होता, तिथेही ती बसली नाही. विमलबाई कोपऱ्यावर बसल्या, पण चहाला उठता येईना, आणि शेजारच्या बाईशी बोलायला त्यांच्याकडे काही नव्हतं म्हणे. आमच्याकडे भेंडीची भाजी आठवड्यातून इतक्यांदा झाली की तुमच्या बंधूंनी ताटाकडे बघणं सोडून दिलं.

मला मात्र एकच गोष्ट डाचत होती. खूण मी पाहिली होती, आणि वरदच्या चारही डब्यांत ती नव्हती. दोन्ही खरं कसं असेल? वरद म्हणाला, आई, सिस्टीम चुकत नाही. (हा स्वर तुमच्या माहेरचा आहे, क्षमा असावी.) मी म्हटलं, बरं, नसेल चुकत. पण शेडमधल्या सगळ्यांच्या खुणा गेल्या आणि परत आल्या, मग एकट्या जमुनाचीच का नाही आली? त्याने चहाचा कप खाली ठेवला. तो कप तसाच गार झाला, आणि संध्याकाळपर्यंत वरद खोलीतून बाहेर आला नाही.

बाहेर आल्यावर त्याने जे सांगितलं ते मी नीट समजून घेतलंय, तेव्हा तसंच सांगते. केबल तुटल्यावर शेडमधल्या दोन डब्यांना वाटलं की पलीकडचे दोघे बंद पडले, आणि पलीकडच्यांना वाटलं हे बंद पडले. थांबलं कुणीच नाही, दोन्हीकडे पानं बांधणं चालूच. म्हणजे तेवढा वेळ सारसोळ्यात दोन वह्या होत्या, तोवरच्या सारख्या, पुढच्या वेगळ्या. केबल जुळल्यावर नियम असा की जी वही लांब ती ठेवायची, आणि दुसरीची नवी पानं फाडायची. समाजमंदिराची वही थोडी लांब निघाली. शेडची पानं फाटली. फाटल्या पानांवरच्या नोंदी मात्र वाया जात नाहीत, त्या पुन्हा रांगेत लागतात. म्हणून बाकीच्यांच्या खुणा परत आल्या.

आता जमुनाची का नाही? तर प्रत्येक नोंदीच्या खाली मोबाइल आपला आपण लिहितो की, मी अमुक पान बघून ही नोंद करतोय. त्याला संदर्भाचा ब्लॉक म्हणतात. ते पान वहीत सापडलं नाही तर नोंद बाद. मी विचारलं, ही नसती उठाठेव कशाला? तो म्हणाला, एका वहीकडे बघून केलेली सही कुणी उचलून भलत्याच वहीत चिकटवू नये म्हणून. हे मला ताबडतोब पटलं. (मी महाबळेश्वरला जायला म्हणून दिलेला होकार तुमच्या बंधूंनी अष्टविनायकाच्या बसला चिकटवला होता, ते तुम्हाला आठवत असेल.) बाकीच्यांनी अ‍ॅप केबल तुटायच्या आधी उघडलं होतं, त्यामुळे त्यांच्या नोंदीखाली दोन्ही वह्यांत असलेलं जुनं पान होतं. जमुनाने मात्र पुन्हा पुन्हा ताजं करून अगदी शेवटचं पान घेतलं, आणि तेच नेमकं फाटलं. ताजं घ्यायचं हे तिच्या हाडात भिनलेलं, आणि कसं करायचं ते मी दाखवलेलं.

वरद उठलाच. म्हणाला, सोपं आहे, जुनं पान घेऊ, कालचं घेऊ. त्याने चारही डबे घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरण्यांमध्ये मांडले. मी मोबाइलवर ओटे दाबायला बसले. एकूण एक नोंद परत आली, "मुदत संपली" असा शेरा घेऊन. फार जुनं पानही चालत नाही म्हणे, नाहीतर वर्षापूर्वी दाबलेलं कुणीतरी आज आणून पुढे करेल. म्हणजे अगदी ताजं नको आणि फार शिळंही नको. मग किती शिळं? या प्रश्नाने मी त्याला हैराण केलं. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतानाही मी दारातून विचारलं की, अरे, पण किती शिळं? ते पलीकडे ऐकू गेलं, आणि त्याचे साहेब म्हणाले की मलाही ऐकायला आवडेल.

उत्तर असं निघालं. पान बांधलं की बाकीचे डबे ते बघून "मान्य" म्हणत जातात. निम्म्याहून जास्त डब्यांनी मान्य म्हटलं की ते पान पक्कं, ते पुन्हा कधी फाटत नाही. तेव्हा संदर्भ द्यायचा तो सगळ्यात शेवटच्या पानाचा नाही, तर शेवटच्या पक्क्या पानाचा. ते टोकापासून थोडंसंच मागे असतं. आम्ही तसं करून बघत होतो तेवढ्यात तुमच्या बंधूंनी दाढीचं मशीन चार्ज करायला दोन-दोन डब्यांना जोडणाऱ्या मधल्या राउटरची पिन काढली. मी ओरडणार होते, पण वरदने हाताने थांबवलं. पिन परत लावल्यावर बघितलं तर एकही नोंद गेली नव्हती. त्यांनी न विचारता पिन काढली आणि त्यातून घराचं भलं झालं असं आमच्या संसारात पहिल्यांदाच घडलं.

मग आम्ही मायलेक चारही डबे घेऊन समाजमंदिरात गेलो. सगळ्या बायकांना बोलावलं होतं. जमुना आली पण आत आली नाही, उंबऱ्याशी बसली. वरदने मोठं भाषण तयार केलं होतं, मला घरी ऐकवलंही होतं. त्यातला एक शब्द तो बोलला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी खरं बोलत होत्या. चूक माझी आहे. पान कुठलं घ्यायचं ते मी चुकीचं ठरवलं."

बायकांना ते पुरेसं वाटलं नाही, आणि का वाटावं? मुलगा भला आहे, म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलत असेल, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. तेव्हा त्याने जुनंच अ‍ॅप सुरू केलं, मधली केबल सगळ्यांसमोर काढली आणि मोबाइल विमलबाईंच्या हातात दिला. त्यांनी ताजं केलं. ओटा दाबला. हिरवी खूण आली. शेजारच्या दोघी-तिघींनी वाकून बघितली. मग त्याने केबल लावली. आम्ही सगळ्या त्या एवढ्याशा काचेकडे बघत होतो, आणि बघता बघता खूण गेली. विमलबाईंनी मोबाइल हलवून बघितला, पदराने पुसून बघितला. मग त्यांनी मान वर केली. वरदकडे नाही, उंबऱ्याकडे बघितलं.

"जमू," त्या म्हणाल्या, "तू दाबलं व्हतंस."

"तंच सांगत व्हते," जमुना म्हणाली, आणि उठून आत येऊन बसली.

मंडळाच्या बायका लगेच म्हणाल्या की कोपरा जमुनालाच द्यायचा. जमुनाने ते ऐकून घेतलं नाही. तिला तो कुणी दिलेला नको होता, दाबून घ्यायचा होता, आणि सगळ्यांनीच पुन्हा दाबायला हवं होतं. तेव्हा नव्या, पक्क्या पानावर सगळं वाटप पहिल्यापासून झालं. तिच्याआधी कुणीच दाबेना. तिने चष्मा वर केला, अंगठा पुसला आणि कोपऱ्याच्या शेजारचा ओटा दाबला. मला वाटलं बोट घसरलं. मी घाईघाईने विचारलं, अगं, हे काय केलंस?

"कोपरा ऱ्हाऊ दे तिला," ती म्हणाली. "मना खोटी ठरवली त्याचा राग व्हता. वट्याचा नाय."

विमलबाईंनी कोपरा दाबला. आता दोघी पुन्हा शेजारी आहेत. परवा मी गेले तेव्हा विमलबाई चहाला गेल्या होत्या आणि जमुना दोन्ही पाट्या विकत होती. मला तिने बोंबील दिले, पिशवीत घालून, पर्सकडे बोट दाखवून हसली. भेंडी बंद झाली आहे. तुमचे बंधू ताटाकडे पुन्हा बघायला लागले आहेत.

असो. पत्र फार लांबलं. तब्येतीला जपा, गच्चीवर एकट्या चढू नका, कवळी टोचत असेल तर अंगावर काढू नका. तुमचे बंधू आणि वरद नमस्कार सांगतात.

तुमची,
अरुणा

ता. क. – एक अगदी लहानशी गोष्ट लिहायची राहिली. चार डब्यांची दोन-दोन अशी फूट पडली की निम्म्याहून जास्त कुणीच होत नाही. मग पक्कं पान पुढे सरकत नाही आणि फूट लांबली तर सगळंच अडून बसतं. तेव्हा पाचवा डबा हवा, आणि तो कुठल्याही आळीचा नको. मंडळाच्या बैठकीत मी सहज म्हणून गेले की, माझ्या थोरल्या नणंदेने आजवर माझी बाजू घेतलेली नाही आणि सख्ख्या भावाचीही घेतलेली नाही. वन्सं, तुमचं नाव एकमताने मंजूर झालं. डबा तुमच्या फ्रिजवर सहज मावेल. फक्त तो बंद करायचा नाही आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही. वायफाय लागतं. ते तुमच्याकडे नाही असं तुम्ही सांगता, पण वरदच्या स्टेटसला सगळ्यात आधी तुमचाच अंगठा येतो, तेव्हा त्यावर अधिक काही लिहीत नाही.

ता. क. २ – डबा काल कुरिअरने निघाला. बहुतेक या पत्राच्या आधीच पोचेल. तुम्ही कुरिअरवाल्याला परत पाठवला असलात तर कृपया त्याला पुन्हा बोलवा.

ता. क. ३ – आम्हाला पॅकिंगला थर्माकोल मिळालं नाही. म्हणून जमुना आणि विमलबाईंनी डब्याच्या चारी बाजूंना सुकट भरली आहे, दाबून. तुम्ही यंदा मासे सोडलेत हे मी त्यांना सांगितलं होतं, पण सुकट ही काही मासळी नव्हे यावर दोन्ही आळ्यांचं एकमत झालं, आणि ते मोडायची माझी हिंमत झाली नाही. खिडक्या उघड्या ठेवून खोकं उघडावं. आणि ती सुकट शेजारी वाटून टाकू नका. डबा जोडून द्यायला पुढच्या आठवड्यात मी स्वतःच येते आहे.